कोऱ्या आकाशाचें छायाचित्र

पुण्यांत १९४४ सालीं स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनें जोपासलेला आकाशदर्शनाचा छंद मांजरीच्या गच्च्यांवरही कॅमेऱ्यानिशीं करतां येतो. अशा छंदिष्ट वाचकांस आम्ही एका कोऱ्या चित्राचें महत्त्व सांगूं इच्छितों.

दुर्बिणींतील प्रकाश कॅमेऱ्यावर सर्वत्र सारखा पडत नाहीं; कडांस तो मंदावतो, आणि कांचेवरील धूलिकण कंकणाकार छाया टाकतो. मग ही छाया तेजोमेघाचाच भाग भासते व रूपविकारी ताऱ्याची मोजलेली तेजस्विता खोटी ठरते.

यास उपाय असा: सूर्यास्तानंतर, तारे उमटण्यापूर्वीं, हडपसरच्या दिव्यांकडे पाठ करून दुर्बीण खस्वस्तिकाच्या किंचित् पूर्वेस रोखावी, तेथें संधिप्रकाश बहुतेक समान असतो. कॅमेरा फिरवूं नये, केंद्रीकरण बदलूं नये. चित्र कॅमेऱ्याच्या निम्म्या क्षमतेइतकेंच उजळावें. दुर्बीण थोडी हलवीत अशीं १०-१५ चित्रें घ्यावीं, एका मापावर आणून त्यांचा मध्यक काढावा व त्यानें मूळ चित्रास भागावें. वजाबाकीनें हा दोष जात नाहीं, कारण तो प्रकाशाचें प्रमाणच घटवितो.

आंबेगाव तालुक्यांतील गिरवली येथें २००६ सालीं सुरू झालेल्या आयुकाच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीसही हा नियम चुकत नाहीं. धान्य तोलण्यापूर्वीं रिकामीं पारडीं सम आहेत कीं नाहींत हें सुज्ञ गृहिणी पाहतेच; आकाश तोलणाऱ्यानें तितकें तरी करावें.