बॉयलरला तडा, तरीही झेपावले ‘सी हॉक’

नागपूर (प्रतिनिधी) - लढाऊ विमानांचा विषय निघाला, की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर वायुसेनानगरातील हवाई दलाच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय उभे राहते. नौदलाचीही स्वतःची लढाऊ विमाने असतात, हे समुद्रापासून दूर असलेल्या या शहराच्या सहसा ध्यानी येत नाही.

‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाणारी नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथे स्थापन झाली. ‘सी हॉक’ ही तिची जेट विमाने ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेसाठी घेतलेली होती. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले भारतीय अवतरण केले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

१९६५ च्या युद्धात मात्र ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती आणि जहाजावरून लढण्यासाठी घडवलेल्या स्क्वाड्रनला जहाजच नव्हते. एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न त्यानंतर उपस्थित झाला नसता तरच नवल.

१९७१ मध्ये हीच वेळ पुन्हा येऊ घातली होती. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. जहाजाचा वेग वाफेवर अवलंबून आणि विमानाला डेकवरून पुढे फेकणारे कॅटापुल्टही वाफेवरच चालणारे. वेग घटला की समोरून मिळणारा वारा घटतो आणि बॉम्बने लादलेल्या विमानाचे उड्डाण धोक्याचे ठरते. तरीही उरलेल्या तीन बॉयलरवर जहाज बंगालच्या उपसागरात नेण्याचा निर्णय झाला. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला होती.

४ डिसेंबरला ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्सबझार आणि चितगाववर हल्ले चढविले. पुढील दिवसांत खुलना आणि मोंगला येथील लक्ष्येही टिपली गेली. विमानविरोधी तोफांचा मारा झेलूनही स्क्वाड्रनने एकही विमान गमावले नाही. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि ‘विक्रांत’चे कॅप्टन स्वराज प्रकाश, दोघेही महावीरचक्राचे मानकरी ठरले.

१९८३ मध्ये ‘सी हॅरिअर’ विमाने आली. ११ मे २०१६ रोजी गोव्यात तीही निवृत्त होऊन स्क्वाड्रनकडे ‘मिग-२९ के’ सोपविण्यात आली. ‘विक्रांत’ २०१४ मध्येच भंगारात निघाली होती. ‘सी हॉक’ मात्र गोव्यातील बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जपून ठेवले आहे.