फरीगदग्याचा आखाडा कोणी मोडला?

भाटघरच्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. त्या पाण्याच्या काठचे भुतोंडे हे शिवरायांच्या या सरदाराचे गाव, आणि गोवळकोंड्यात येसाजींनी हत्तीशी घेतलेली झुंज भोर-वेल्ह्यात पोराटोरांना तोंडपाठ आहे. कथेत इतिहास किती हे इतिहासकारांनी ठरवावे. लोकांनी लक्षात ठेवली ती झुंज, एवढे मात्र खरे. आजच्या मर्दानी खेळात नेमकी तीच उरलेली नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीपुढे दांडपट्टा गरगरतो, लिंबू चिरले जाते, भ्रमणध्वनी उंचावतात. फिरवणाऱ्यासमोर उलटा वार करणारा कोणी नसतो. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, ते छानच झाले. पण मानपत्राने विद्या टिकत नाही, जोडीदाराने टिकते.

लढत जाऊन देखावा उरण्याचा हा रोग चीनने आपल्या आधी भोगला. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय युद्धकला संस्था निघाली आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय परीक्षेत खुल्या लढती झाल्या. दुखापती इतक्या झाल्या की त्या थांबवाव्या लागल्या. पुढे साम्यवादी राजवटीने लढत बाजूला सारून ताओलू, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सादरीकरण, हाच राष्ट्रीय खेळ केला. परीक्षकाला गुण द्यायला काहीतरी मोजता यावे लागते, म्हणून उड्या आणि गिरक्या वाढत गेल्या. आज दहापैकी दोन गुण निव्वळ अवघडपणाचे. जुने उस्ताद याला तलवार घेतलेली जिम्नॅस्टिक म्हणतात, आणि ते फारसे चुकत नाहीत. चीनने नंतर दुसरी वाट काढली ती सांदाची: हातमोजे, उंच चौथरा, मोजक्या मिनिटांच्या फेऱ्या, आणि प्रतिस्पर्ध्याला चौथऱ्याखाली घालवले तर गुण. पूजा कादियानचे २०१७ चे जागतिक सुवर्ण आणि रोशिबिना देवीचे हांगझोऊ आशियाई स्पर्धेतले रौप्य, दोन्ही या सांदातली.

‘स्पर्धा आली की परंपरा मेली’ असे आपल्याकडचे काही जाणते सांगत असतात. वुशूचा, म्हणजे ताओलू आणि सांदा ही जिची दोन अंगे त्या चिनी युद्धकलेचा, दाखला ते नेहमी देतात, पण तो अर्धाच. बिघडले ते प्रतिस्पर्ध्याविना खेळायचे अंग. समोर माणूस असला की चुकीचा वार तो लगेच चुकीचा ठरवतो, सजावटीला वाव उरत नाही. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत वुशूबरोबर आपली कबड्डीही पदकांच्या यादीत आली. तिचे नियम छापले गेले म्हणून दम घेणे काही सुटले नाही. मल्लखांबाचा आक्षेप मात्र वजनदार आहे: लढत नसूनही २०१९ मध्ये त्याची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मल्लखांब हा मुळातच मल्लाचा पूरक व्यायाम. त्याला गुण देणे त्याच्या स्वभावाला धरून आहे. शस्त्राचा स्वभाव वेगळा.

आणि आपल्याकडे शस्त्राची लढत होती. फरीगदगा म्हणजे एका हातात चामड्याची फरी, दुसऱ्यात चामडे चढवलेली काठी, आणि समोर तसाच सजलेला गडी. तलवारीची ही तालीम जीव न घेता हिशेब चुकता करते. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांत देशी व्यायामविद्या बारकाईने नोंदवली, तिच्यात फरीगदग्यालाही जागा आहे. आपण ते खंड कपाटात ठेवून पूजले. पंजाबने याच जातीच्या फरी-सोटीचे नियम बांधले, अंगावरच्या स्पर्शाला गुण लावले, प्रदर्शनाचा विभाग वेगळा ठेवला. त्यांचा गटका खेलो इंडियात पोहोचला, २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही उतरला. आपला मर्दानी खेळ ढोलताशामागे चालतो आहे. ‘मुलांना लागेल’ ही सबब तर टिकतच नाही; शिरस्त्राण आणि छातीचे कवच आता सहज मिळते, आणि उघड्या पट्ट्याने लिंबू कापताना धोका काय कमी असतो?

भोर, वेल्हे आणि कोल्हापूरच्या मंडळांना, तालमींना एवढेच सांगणे आहे: येत्या शिवजयंतीला मिरवणुकीचा खर्च थोडा आवरून फरीगदग्याचा एक आखाडा आखा, दोन पंच बसवा आणि जोडी लावा. नियम कुठून आणायचे हा प्रश्न असेल, तर पंजाबकडे तयार आहेत. ते मागवायला लाज वाटायचे कारण नाही.