हरिकेन मोजायचे कसे?

अटलांटिक महासागरात २००५ साली २८ वादळे नोंदली गेली आणि त्यांतल्या कतरिनाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. तेव्हापासून अमेरिकेत एक वाद सतत धुमसतो आहे: जागतिक तापमानवाढीचा हरिकेनवर, म्हणजे तिथल्या चक्रीवादळांवर, परिणाम होतो की नाही? एक पक्ष म्हणतो, वादळे वाढली, यापेक्षा आणखी कसला पुरावा हवा? दुसरा म्हणतो, जगभरची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच आहे, तेव्हा हा सगळा बागुलबुवा. गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. दोघेही वादळांची डोकी मोजत बसतात. जगात दरवर्षी साधारण ८० ते ९० उष्णकटिबंधीय वादळे होतात आणि या आकड्यात वाढीचा स्पष्ट कल खरोखरच दिसत नाही. पण तो दिसावा अशी अपेक्षा तरी का धरायची? वादळ जन्माला यायला समुद्राचे पाणी सुमारे २६-२७ अंश सेल्सिअस तापलेले लागते हे खरे, परंतु तेवढ्याने भागत नाही. वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात फार तफावत असेल तर वादळ उभे राहण्याआधीच फाटते. मधल्या थरातली हवा कोरडी असेल तर ते गुदमरते. एल निनोच्या वर्षी पॅसिफिक तापतो आणि नेमकी तेव्हाच अटलांटिकमधली वादळे रोडावतात, ती वाऱ्यांच्या वेगातल्या याच तफावतीमुळे. त्यामुळे बहुतेक संगणकीय प्रारूपे असे सांगतात की तापलेल्या जगात वादळांची एकूण संख्या तेवढीच राहील किंवा थोडी घटेल, मात्र त्यांतल्या प्रचंड वादळांचा वाटा वाढेल.

तापमानवाढीचा हात दिसतो तो जन्मात नव्हे, वाढीत. समुद्रावरून उठलेली वाफ वर जाऊन पुन्हा पाणी बनते, तिच्यातली उष्णता मोकळी होते आणि तीच वादळाला पोसते. पाणी जितके ऊन, तितकी वादळाच्या ताकदीची कमाल मर्यादा वर सरकते. हे भौतिकशास्त्र वादात नव्हते. खरा शास्त्रीय वाद होता तो नोंदींचा. २००४ साली चार हरिकेन एकापाठोपाठ एक फ्लोरिडावर आदळली. त्या हंगामाशी तापमानवाढीचा संबंध जोडणाऱ्या पत्रकार परिषदेत आयपीसीसीचे (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचे) एक प्रमुख लेखक केविन ट्रेनबर्थ सहभागी झाले, म्हणून ख्रिस लँडसी या हरिकेनतज्ज्ञाने जानेवारी २००५ मध्ये आयपीसीसीच्या कामातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी कतरिनाच्या काही आठवडे आधी हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचा निबंध आला: वादळांत एकूण खर्ची पडणारी शक्ती सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून झपाट्याने वाढली आहे. कतरिनानंतर लगेच पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चौथ्या-पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या वादळांचा जागतिक वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला आहे. लँडसींचा आक्षेप असा की जुन्या उपग्रहांची चित्रे धूसर होती, त्यामुळे तेव्हाची बलाढ्य वादळे नोंदीत दुबळी ठरली; वाढली ती वादळे नव्हेत, आपली नजर.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. उपग्रहांच्या आधी तर भर समुद्रातल्या वादळाची नोंद जहाज वाटेत सापडले तरच व्हायची, आणि शहाणा कप्तान वादळ टाळायचा. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या यादीतली कमी वादळे आणि आजची जास्त वादळे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. जेम्स कॉसिन आणि सहकाऱ्यांनी पुढे या अडचणीवर उलटा उपाय योजला. जुनी चित्रे सुधारता येत नाहीत, मग नवी चित्रेच मुद्दाम जुन्यांइतकी धूसर करायची आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लावायची. १९७९ ते २०१७ या काळाचा त्यांचा निष्कर्ष २०२० मध्ये आला: वादळ तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचे असण्याची शक्यता दर दशकाला सुमारे ८ टक्क्यांनी वाढत गेली आहे. माझ्या मते या वादातला हा सर्वांत वजनदार पुरावा, कारण तो विरोधकाची अट मान्य करून उभा आहे. मात्र अटलांटिकमधली सगळी वाढ हरितगृह वायूंच्या खाती टाकणेही बरोबर नाही. १९७० नंतर अमेरिका-युरोपात हवेतले गंधकयुक्त प्रदूषण कमी झाले, सूर्यप्रकाश अडवणारा पडदा विरळ झाला आणि समुद्र जास्त तापला. या वाढीत त्याचाही मोठा भाग असल्याचे अभ्यास सांगतात.

ऑक्टोबर २००५ मधल्या विल्मानंतर थेट ऑगस्ट २०१७ मधल्या हार्वेपर्यंत अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचे एकही हरिकेन आदळले नाही, याचा दाखला संशयवादी हमखास देतात. आकडा खरा आहे. पण एका देशाच्या किनाऱ्यावर काय आदळले हा जगातल्या वादळांचा अगदी छोटा तुकडा, आणि त्यात नशिबाचा भाग मोठा. शिवाय याच ‘शांत’ काळात २००८ चे आइक आणि २०१२ चे सँडी श्रेणीने लहान असूनही अफाट विध्वंस करून गेले, कारण श्रेणी वाऱ्यावरून ठरते. पाण्याला तिच्यात जागाच नाही. उलट बाजूचा लाडका दाखला म्हणजे नुकसानीचे वाढते डॉलर. तोही तितकाच लंगडा, कारण किनाऱ्यावर वस्ती आणि महागडी घरे वाढली की तेच वादळ अधिक महाग पडते.

सर्वांत कमी वाद पाण्याबद्दल आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. हार्वेने टेक्सासमध्ये काही ठिकाणी काही दिवसांत १,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला. तापमानवाढीमुळे तो सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यात १९०० पासून समुद्राची पातळी जगभर सरासरी २० सेंटिमीटरने चढली आहे, म्हणजे वादळाने ढकललेली लाट आता वरच्या पायरीवरून निघते.

वादळांची संख्या वाढत नाही हा नियम सगळीकडे सारखा लागू होतो असेही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांना अरबी समुद्रात २००१ ते २०१९ या काळातली चक्रीवादळे १९८२ ते २००० च्या तुलनेत ५२ टक्के जास्त आढळली, तर बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. म्हणजे अरबी समुद्रात संख्याही वाढली, ताकद आणि मुक्कामही वाढला. तरीही तिथे मुळात वर्षाला एखाद-दुसरेच वादळ होते. इतक्या थोड्या वादळांवर काढलेली टक्केवारी दोन-चार वादळी हंगामांनीही वरखाली होऊ शकते. शिवाय जुन्या नोंदींना लँडसींनी लावलेली कसोटी याही आकड्याला लावावी लागेल.