मावतं किती आणि पेलतं किती?

बालमित्रांनो, ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. मोठ्याच्या सोबतीनं लहानाचंही काम होऊन जातं, असा तिचा अर्थ बाईंनी सांगितला असेल. पण हा नळा म्हणजे काय, ते ठाऊक आहे? अंगणातला पाण्याचा नळ नव्हे बरं का! पूर्वी बैलगाडीला वंगणानं भरलेला बांबूचा नळा टांगलेला असायचा. चाक करकरू लागलं की गाडीवान खाली उतरायचा, नळ्यातलं वंगण आसाला फासायचा आणि गाडी पुन्हा वाटेला लागायची. म्हणजे हा नळा काही फुकट्या प्रवासी नव्हता. त्याच्याशिवाय गाडा यात्रेला पोचलाच नसता!

आस म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा. त्याच्या टोकांवर चाकं फिरतात. कुणी त्याला आख म्हणतं, कुणी कणा. ट्रॅक्टरवाले सरळ ‘ॲक्सल’ म्हणतात. नाव काहीही घ्या, गाडीवर जे काही चढतं त्याचा भार शेवटी या दांड्यावर येतो. आणि गंमत अशी, की गाडी बघायला गेलेला माणूस रंग बघतो, लांबी-रुंदी बघतो, फाळक्यावर काढलेलं कमळ बघतो, पण खाली वाकून आस काही बघत नाही!

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अशा गाड्यांचे तीन नमुने सांगता येतील. लाकडी चाकांची जुनी बैलगाडी, रबरी टायर लावलेली बैलगाडी आणि ट्रॅक्टरमागची लोखंडी ट्रॉली. भाताची पोती, पेंढ्याचे भारे, विटा, रेती, खत, सगळं यांच्यावरच लादायचं. या गाड्या घ्यायला किंवा भाड्यानं ठरवायला तुमचे बाबा, काका जातात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हिच्यात किती मावतं?” आज आपण दुसरा प्रश्न विचारायला शिकू या : “हिला किती पेलतं?”

तोच बैल, पण ओझं दुप्पट!

आधी लाकडी चाक पाहू. मधला गोल ठोकळा म्हणजे तुंबा. त्यातून निघालेले आरे आणि सगळ्यांना कवेत घेणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान बनवतात. मग ती चाकावर चढते कशी? लोहार ती लालभडक तापवतो. तापली की ती प्रसरण पावते आणि चाकावर बसते. लगेच पाणी ओतलं की आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळते. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा लोहाराच्या भट्टीवर असा जिवंत होतो.

पण हे चाक आसावर घासत फिरतं. घर्षण आलं, की बैलाच्या मानेवरचा ताणही आला. रबरी टायरमुळे खाचखळग्यांतून चाक ओढणं सोपं झालं. बेअरिंगमधल्या छोट्या गोळ्यांमुळे आसावरचं घासणं पुष्कळ कमी झालं. याचा फायदा किती, ते एका सरकारी नियमातच लिहिलेलं आहे. ओझी ओढणाऱ्या जनावरांचे हाल थांबावेत म्हणून १९६५ साली केंद्र सरकारनं काही नियम केले. त्यांत २०० ते ३५० किलो वजनाच्या, म्हणजे मध्यम बैलाला दोन चाकी गाडीत किती ओझं ओढायला लावावं, याची मर्यादा दिली आहे. साध्या चाकांची गाडी असेल तर ७०० किलो. रबरी टायर असतील तर १,०५० किलो. आणि बेअरिंग असेल तर १,४०० किलो. यात गाडीचं स्वतःचं वजनही धरायचं. बैलजोडी असेल तर हे आकडे दुप्पट.

पाहिलंत? बैल तोच, त्याचं बळ तेच. बदललं ते फक्त चाक आणि आसाचं टोक, तर ओझं दुप्पट झालं!

याच नियमांत आणखी एक शहाणपण आहे. एक किलोमीटर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि ३० मीटर अंतरात ३ मीटरपेक्षा जास्त चढावं लागत असेल, तर ओझं निम्मं करायचं. शहापूरच्या पुढे कसारा घाट आणि मुरबाडच्या पुढे माळशेज घाट पाहिलेल्या मुलांना याचं कारण सांगायला नको. मुरबाडकडून वर जाणारा प्राचीन नाणेघाट तर दगडी पायऱ्यांचा. सातवाहनांच्या काळात या वाटेनं व्यापार चालायचा. पण पायऱ्यांवर चाक काय करणार? तिथं माल जायचा तो जनावरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. तेव्हा गाडी किती पेलते, हे रस्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, हे लक्षात ठेवा.

ट्रॉलीचं गणित

आता ट्रॉलीकडे वळू. समजा, एक ट्रॉली आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि फाळके अर्धा मीटर उंच. घनफळ किती? ३ × २ × ०.५ म्हणजे ३ घनमीटर. आणि समजा, ती ३ टन माल वाहण्यासाठी बनवली आहे.

तिच्यात भात काठोकाठ भरलं, तर वजन होईल सुमारे पावणेदोन टन. ट्रॉली मजेत चालेल. पेंढ्याचे भारे फाळक्यांच्या वर माणसाच्या उंचीइतके रचले, तरी वजन टनाच्या आतच राहील. आता तीच ट्रॉली ओल्या रेतीनं भरा. ओली रेती घनमीटरला दोन टनांच्या आसपास जाते. म्हणजे झाले साडेपाच-सहा टन! दिसायला ट्रॉली तेवढीच भरली, पण आसावर भार आला दुप्पट. रेतीची ट्रॉली अर्धी रिकामी दिसली, तर चालकानं कंजूषपणा केला असं समजू नका. तो शहाणा आहे!

आस किती जाड हवा? त्यासाठी घरी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर आडवी ठेवा आणि मध्ये बोटानं दाबा. लगेच वाकेल. आता तीच पट्टी उभ्या कडेवर धरून दाबा. वाकता वाकत नाही! पट्टी तीच, प्लॅस्टिक तेवढंच, पण वरपासून खालपर्यंत जाडी वाढली. चौकोनी पोलादी आसाचंही तसंच. त्याची ताकद बाजूच्या घनाप्रमाणे वाढते. ५ सेंटिमीटर बाजूचा आस आणि त्याच पोलादाचा साडेसात सेंटिमीटर बाजूचा आस, जाडीत फरक दीडपटीचा. ताकदीत फरक किती? १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट! म्हणून ‘बोटभर बारीक असला म्हणून काय झालं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे गणित घाला.

पण नुसता आस जाड असून भागत नाही. आस ५ टनांचा आणि टायर मिळून ३ टनांचे, तर ती ट्रॉली ३ टनांचीच. बेअरिंग, पाटे, टायर, जोडणीचा हूक, यांत सगळ्यांत कच्चा जो असेल, त्याची मर्यादा ती ट्रॉलीची मर्यादा.

चला, ट्रॉली तपासू

जुनी ट्रॉली विकत घ्यायची असेल, तर मोठ्या माणसांबरोबर तुम्हीही जा आणि डोळे उघडे ठेवून बघा.

आधी तीस-चाळीस पावलं मागे जाऊन उभे राहा. दोन्ही चाकं सरळ उभी आहेत का? वरच्या बाजूनं आत झुकलेली दिसली, तर आस मधून वाकला असण्याची शंका घ्या. मग टायर पाहा. आतली कड जास्त झिजली असेल, तर शंका पक्की होत जाते.

आता जवळ या. वेल्डिंगचे जोड पाहा. चांगला जोड सारखा, सलग असतो. त्यात भोकं, तडा किंवा रंगातून डोकावणारी गंजाची बारीक रेघ दिसली, तर दाखवून द्या. सगळी ट्रॉली जुनाट आणि एखाद्याच जोडावर ताजा जाड रंग, असं असेल तर “इथंच का रंग दिला?” असं विचारायला लाजू नका. दोन्ही बाजूंचे पाटे सारख्या उंचीवर आहेत का? एखादं पान तुटलंय का? हूकाचं गोल भोक झिजून लांबट झालंय का? पिन बाहेर निसटू नये म्हणून तिला अडकवण आहे का?

चाक जॅकवर उचलून हलवून बघायचं काम मोठ्यांचं. चाक वर-खाली डुगडुगलं किंवा फिरवताना खरखरलं, तर बेअरिंगचं काही खरं नाही. ट्रॉली थोडी चालवून आणल्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एकाच चाकाजवळ जास्त धग लागली, तर तिथं वंगण संपलंय किंवा बेअरिंग जातंय. आठवला ना आपला नळा? आणि हो, जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही.

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. ट्रॅक्टरप्रमाणे ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी असते. तिच्या कागदावर रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं, की उरतो तो माल. पण फाळके वाढवलेले असतील किंवा खाली जादा लोखंड जोडलेलं असेल, तर रिकामं वजन वाढलेलं असतं. म्हणून सौदा करण्याआधी रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर चढवून बघा. काट्याची पावती ही रंगरंगोटीपेक्षा जास्त खरं बोलते. मागे लाल रिफ्लेक्टर आहेत ना, तेही पाहा. रात्री रस्त्याकडेला उभी असलेली काळोखी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

उलाळ झाली गाडी!

माल कुठे ठेवायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन चाकी गाडीत सगळं ओझं मागे लादलं, की पुढची बाजू वर उचलली जाते. याला ‘गाडी उलाळ होणं’ म्हणतात. बैलगाडीत मग जू बैलांच्या मानेवरून वर उठू लागतं. ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीत तर हूक वर ओढला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटू लागते. उलट सगळं ओझं पुढे टाकलं, तर बैलांच्या माना किंवा हूक दबतो. म्हणून जड माल खाली, आसाच्या आसपास आणि थोडासा पुढे.

उतारावर आणखी सांभाळायचं. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरपेक्षा दुप्पट जड झालेली ट्रॉली मागून ढकलू लागली, तर पुढच्या ट्रॅक्टरनं एकट्यानं तिला थोपवायचं तरी कसं?

जादा ओझ्याचा त्रास फक्त गाडीला होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत चालवून पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सुमारे सोळापट होतं! म्हणून तर सरकार आसावरचं वजनही ठरवून देतं. २०१८ साली मालगाड्यांच्या चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. पण ही झाली कायद्यानं आखलेली वरची रेषा. त्यामुळे तुमच्या गावच्या ट्रॉलीचा आस काही एका रात्रीत जाड झाला नाही! आणि मर्यादेपेक्षा जास्त माल लादला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

ट्रॉलीत माणसं?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पौष महिन्यात मुरबाड तालुक्यात म्हसाची यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. अशा यात्रेला, लग्नाला, हळदीला जायचं म्हटलं, की कुणीतरी म्हणतं, “अरे, ट्रॉली आहे की! चढा सगळे!”

हुशार मुलगा लगेच हिशेब करेल : चाळीस माणसं, सरासरी ५० किलो, म्हणजे दोन टन. ट्रॉली तर तीन टनांची. मग काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मोठी आहे. पोती जिथं ठेवली तिथं राहतात, माणसं राहत नाहीत. कुणी उभं असतं, कुणी फाळक्यावर बसतं, वळण आलं की सगळे एकाच बाजूला झुकतात. भार उंचावर गेला आणि एका बाजूला सरकला, की ट्रॉली कलंडायला वेळ लागत नाही. आत ना बसायला जागा, ना धरायला दांडा. आसानं ‘पेलतं’ म्हटलं, तरी ट्रॉली माणसांसाठी बनलेलीच नाही. ती मालाची गाडी आहे. साध्या बैलगाडीतही, गाडीवान आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं बसवावीत, असं १९६५ चे नियम सांगतात. मग चाळीस माणसांची ट्रॉली कुणाच्या भरवशावर निघते?

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरातून अशी ट्रॉली निघत असेल, तर हळूच आईचा पदर ओढा आणि सांगा, “आपण एसटीनं जाऊ.” कुणी हसलं तर हसू दे. फूटपट्टी आणि दोन पुस्तकं घेऊन त्यांना प्रयोग करून दाखवा, रेतीचं गणित घाला. आणि कुठलीही गाडी समोर आली, की आधी खाली वाकून तिचा आस बघायची सवय लावून घ्या.