कॅम्परव्हॅनचा धंदा करताय? मग आधी टाकीचं उत्तर शोधा!



2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून "सर, व्हॅन भाड्याने द्यायचा धंदा कसा आहे?" हा प्रश्न सारखा येतो. बेड, एसी, गॅस, स्टिकर, सगळ्याचा खर्च वहीत लिहिलेला असतो. मी एकच विचारतो, "टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करणार?" की समोर शांतता!

आज त्याच विषयावर बोलू. घाण वाटेल, पण धंदा टिकतो की बुडतो ते इथेच ठरतं.

आधी हिशेब

व्हॅनमध्ये सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक मैल्याची, दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची. समजा, मैल्याची टाकी 70 लिटरची आहे. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला सहा वेळा वापर, दरवेळी 2 लिटर पाणी. झाले 48 लिटर. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी भरली! तीन दिवसांची ट्रिप विकताय, तर मध्ये एकदा टाकी रिकामी करणं आलंच. ती जागा बुकिंग घेण्याआधी ठरलेली हवी.

कुठे?

नदी, नाला, घाट, रस्त्याची कडेला? अजिबात नाही. त्या पाण्यातून कावीळ, टायफॉइड, जुलाब पसरतात. खालच्या गावची विहीर त्याच पाण्यावर असते. साबणाचं पाणीसुद्धा ओढ्यात सोडायचं नाही.

दोन मार्ग आहेत. मार्गावरच्या रिसॉर्ट किंवा कृषी पर्यटन केंद्राशी बोला, दरवेळचे पैसे ठरवा आणि त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये सोडा. किंवा नगरपालिकेच्या मैला प्रक्रिया केंद्राची परवानगी घ्या. दोन्ही लेखी घ्या. तोंडी "हो हो, या" वर धंदा चालत नाही.

कशी?

1. रबरी हातमोजे, चष्मा, बंद बूट. मोबाईल खिशात, सिगारेट बंद.
2. आधी पाईप दोन्हीकडून घट्ट बसवा, मगच व्हॉल्व्ह उघडा. उलटं केलंत तर अंघोळ तुमचीच!
3. पहिली मैल्याची टाकी, नंतर साबणाच्या पाण्याची. त्या पाण्याने पाईप आतून धुतला जातो.
4. मुक्कामात मैल्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, मैला तळाला सुकून बसतो. टाकी निम्म्याहून जास्त भरली की एकदम सोडा, जोर मिळतो.
5. व्हॉल्व्ह बंद करून टाकीत थोडं स्वच्छ पाणी आणि जैविक औषध टाका. फॉर्मॅलिनवालं औषध नको. सेप्टिक टँकमधले कामाचे जिवाणू त्याने मरतात, मग रिसॉर्टवाला पुन्हा दारात उभं करत नाही.
6. पिण्याच्या पाण्याचा पाईप वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात. शेवटी साबणाने हात.

कॅसेट टॉयलेट असेल तर काम सोपं. साधारण 20 लिटरचा डबा बाहेर काढायचा, हवेचं बटण दाबून सावकाश ओतायचा. बटण विसरलात तर गचके देत उडतं.

कोण?

हा खरा प्रश्न. "पोरगा आहे ना, करेल तो!" असं म्हणू नका. आधी तुम्ही स्वतः दहा वेळा करा. मग माणसाला शिकवा, सामान द्या, डॉक्टरांना विचारून लस द्या आणि या कामाचे वेगळे पैसे द्या.

आणि एक गोष्ट कोरून ठेवा. सेप्टिक टँक तुंबला तरी कुणालाही आत उतरवायचं नाही. आतला वायू काही क्षणांत माणूस आडवा करतो, वाचवायला उतरलेलाही जातो. 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंपाची गाडी बोलवा. तिचं भाडं कुणाच्या जिवापेक्षा मोठं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक मार्ग निवडा. त्यावर टाकी रिकामी करायच्या दोन जागा शोधा, दर विचारा आणि तो खर्च ट्रिपच्या भाड्यात धरा. जागा मिळाली नाही, तर व्हॅनचं बुकिंग थांबवा. आधी टाकी, मग गाडी!