कोशाच्या किड्याचें औषध यीस्टकडून

मागील सालीं नंदनवनांत आमच्या गाईस कासेचा दाह झाला. दोन वेळां टोंचूनही तो हटला नाहीं. डॉक्टरांनीं औषध बदललें तेव्हां गुण आला. जंतु औषधास सरावतात तें असें. याच भीतीनें सरकारनें २०१९ सालीं गुरांकोंबड्यांकरितां कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली.

भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवितात, तो किडा आमच्या वाचकांस परका नाहीं. त्याच्याच कुळांतील अमेरिकन सेक्रोपिया पतंगाच्या कोशांस स्वीडनमधील हान्स बोमन यांनीं जंतु टोंचले, तों किड्याच्या रक्तांतच जंतुनाशक द्रव्य उत्पन्न झालें. त्या सेक्रोपिनाची रचना १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. पस्तीस-सदतीस अमिनो आम्लांची ही सांखळी जंतूच्या आवरणासच भोकें पाडिते.

परंतु औषधापुरतें द्रव्य काढण्यास किती कोसे लागतील, हा हिशेब आमच्यासारख्या जुन्या महसुली कारकुनानेंही मांडूं नये. म्हणून त्या द्रव्याचा जनुक पिकिया नांवाच्या यीस्टमध्यें घालतात. पाव फुगविणाऱ्या यीस्टचें हें भाऊबंद मिथेनॉल मिळतांच तो माल तयार करून भोंवतालच्या रसांत सोडतें. हें काम जंतूकडून घ्यावें, तर तयार झालेलें विष प्रथम त्यासच मारूं पाहतें. हैदराबादेच्या शांता बायोटेक्निक्सनें १९९७ सालीं विकावयास काढलेली हेपॅटायटिस-बी काविळीची लसही पिकियांतच केलेली होती.

अडचण अशी कीं, यीस्टचेंच पाचक द्रव्य कधीं कधीं ही सांखळी तोडतें, आणि शुद्धीकरणास खर्च फार. तेव्हां सेक्रोपिन म्हणून कोणी पुडी विकूं आल्यास पशुवैद्यांस दाखविल्यावांचून घेऊं नये. चालू औषध सांगितलेले दिवस पुरें द्यावें, व त्यांनीं मोकळीक देईपर्यंत तें दूध डेअरीस घालूं नये.