रिकामा नव्हताच तो माळ

मुंबईहून, दिल्लीहून अल्माटीला जाणाऱ्या विमानांत हल्ली मराठी सर्रास कानावर पडते. जुलै २०२२ पासून भारतीय पर्यटकाला कझाकिस्तानात चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दिल्लीहून चार तासांच्या आत विमान पोहोचते आणि घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावे लागते. त्यामुळे युरोपचा खर्च न झेपणाऱ्यांना बर्फाचे डोंगर दाखवणारा देश म्हणून कझाकिस्तान सहलीच्या जाहिरातींत आला. कार्यक्रम ठरलेला असतो: मेदेऊचे बर्फाचे मैदान, शिम्बुलाकचा रोपवे, कोक-तोबेची टेकडी, एक दिवस चारिनची घळ, की परत. ही सहल वाईट मुळीच नाही. फक्त ती देशाच्या एका कोपऱ्यात संपते, आणि हा देश समजतो तो त्या कोपऱ्यातून बाहेर पडल्यावर.

देशाचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट. लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास. जगात क्षेत्रफळाने नववा, आणि ज्याला महासागराचा किनारा नाही अशा देशांत सर्वांत मोठा. पश्चिमेला कॅस्पियनपासून पूर्वेला अल्ताई पर्वतापर्यंत पसरलेल्या या भूमीचा मोठा भाग म्हणजे स्टेप, शाळेच्या भूगोलात आपण वाचलेला गवताळ प्रदेश. बाहेरून आलेल्या प्रत्येक सत्तेला तो रिकामा वाटला. रिकामा म्हणून तो नांगरला, रिकामा म्हणून तिथे छावण्या उभारल्या, अणुबॉम्ब फोडले. तो कधीच रिकामा नव्हता. कझाकिस्तानात फिरताना ही एक गोष्ट मनाशी धरून ठेवली तर अल्माटी आणि अस्ताना ही दोन्ही शहरे, जेवण, संगीत, सगळे नीट उलगडते.

सुरुवात अल्माटीतूनच करावी, कारण शहर देखणे आहे. दक्षिणेला इले-अलाताऊची बर्फाळ रांग भिंतीसारखी उभी आणि सगळे रस्ते तिच्याकडे चढत गेलेले. इथले लोक पत्ता सांगताना 'वर' आणि 'खाली' असे सांगतात. वर म्हणजे डोंगराकडे. रस्त्याच्या कडेने 'आरिक' नावाचे पाट वाहतात आणि डोंगराचे पाणी झाडांना देत जातात. १८८७च्या भूकंपाने इथली विटांची घरे जमीनदोस्त केली होती. त्या धड्यानंतर १९०४ ते १९०७ या काळात आंद्रेई झेन्कोव्ह या अभियंत्याने ५६ मीटर उंचीचे चर्च लाकडात उभे केले आणि १९११च्या मोठ्या भूकंपात ते टिकले. पानफिलोव्ह बागेत आजही ते पिवळ्या-पांढऱ्या रंगात उभे आहे.

मात्र अल्माटीत निम्मा दिवस राखून ठेवावा तो हिरव्या बाजारासाठी. एका ओळीत घोड्याचे मांस विकणारे, तिथे घोड्याच्या मांसाचे 'कझी' नावाचे जाड सॉसेज टांगलेले. पुढे सुकामेवा आणि मध. मग गाजराच्या लांब बारीक किसाला लसूण, मिरची, धने आणि सिरका लावून ढीग मांडून बसलेल्या कोरियन बायका. कोरियन इथे कसे? १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडचे दीड लाखांहून अधिक कोरियन आगगाड्यांत भरून कझाकिस्तान आणि उझबेकिस्तानात आणून सोडले. किमचीची कोबी मिळेना, म्हणून गाजर घेतले, असे सांगतात. व्होल्गाकाठचे जर्मन, चेचेन, पोलिश असेच आले. या माळावर लोक ओतले गेले, कारण मॉस्कोच्या नकाशावर इथे जागा मोकळी दिसत होती.

याच बाजारात सफरचंदेही घ्यावीत. आपण खातो त्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज, मालुस सिव्हर्सी, अल्माटीलगतच्या तिएन-शान पर्वताच्या उतारांवर रानटी उगवतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९२९ मध्ये इथे आला आणि सफरचंदाचे मूळ इथेच असावे, असे त्याने ओळखले. पुढे जनुकीय अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. जगाला धान्याची बियाणी सांभाळायला शिकवणारा हा माणूस १९४३ मध्ये सोव्हिएत तुरुंगात उपासमारीने गेला. अल्माटीभोवतीच्या रानसफरचंदांच्या बऱ्याच बागा वाढत्या शहराने गिळल्या आहेत, याची खंत वाटते.

अल्माटीच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर इसिक आहे. १९६९ मध्ये तिथल्या एका थडग्याच्या टेकाडात एका तरुण योद्ध्याचा सांगाडा सापडला. अंगावर सोन्याचे सुमारे चार हजार लहानमोठे तुकडे. कझाकिस्तानाचा हा 'सुवर्णपुरुष' शक लोकांचा, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला. मराठी वाचकाने इथे थबकावे. स्टेपवर घोडे दौडवणाऱ्या या शकांच्या काही शाखा पुढे दक्षिणेकडे सरकत भारतात आल्या. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे शिलालेख नाशिकच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांत आहेत, आणि गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगताना त्याच्या आईच्या नाशिकच्या लेखात त्याला शकांचा नाश करणारा म्हटले आहे. शकांच्या नावाची कालगणना आपल्या पंचांगात अजून चालू आहे.

आता उत्तरेला निघायचे. अल्माटी ते अस्ताना विमानाने पावणेदोन-दोन तास लागतात, तरीही आगगाडी घ्यावी असा माझा आग्रह आहे. जलद तालगो गाडी एका रात्रीत पोहोचवते. जुन्या धाटणीच्या गाडीला जास्त वेळ लागतो आणि तीच बरी. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो, शेजारचे लोक लगेच चहा-नान पुढे करतात. सारीशागानला बल्खाश सरोवराचा पश्चिम किनारा लागतो. फलाटावर बायका धुरावलेले मासे विकायला येतात. या सरोवराचे पश्चिमेचे पाणी गोडे आणि पूर्वेचे खारे, मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी. त्यानंतर तासन् तास गवत. डोंगर नाही, झाड नाही, क्षितिज चारी बाजूंनी सारखे. सुरुवातीला डोळा कंटाळतो, मग हळूहळू गवताच्या छटा, घोड्यांचे कळप, दूरचा एखादा दफनभूमीचा घुमट वेगळे ओळखू येऊ लागतात.

या गवतावर जगायचे कसे, याचे उत्तर कझाकांनी शतकानुशतके घासूनपुसून तयार केले होते. पाऊस तुटपुंजा, तेव्हा एका जागी राहिले की चारा संपतो. म्हणून हिवाळ्याचा तळ वेगळा, वसंताचा वेगळा, उन्हाळ्यात उंचावरचे 'जायलाऊ' हे कुरण, शरदात पुन्हा खाली. प्रत्येक कुळाचे मार्ग आणि विहिरी ठरलेल्या. हिवाळ्यात कुरणात आधी घोडे सोडायचे, ते खुरांनी बर्फ उकरून गवताचे शेंडे खातात. मागोमाग मेंढ्या, ज्यांना एवढा बर्फ फोडता येत नाही. बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि वर काचेसारखा थर धरला की घोड्यालाही खूर रुतवता येत नाही. त्या आपत्तीला 'झूत' म्हणतात, आणि त्यात कळपच्या कळप मरत. यर्त हे घरही याच जगण्यातून आले. लाकडी जाळीची घडी होणारी भिंत, वर वाकवलेले दांडे, माथ्यावर 'शानीराक' हे गोल कडे आणि सगळ्यावर लोकरीचा नमदा. उभारायला काही तास, उतरवायला त्याहून कमी. शानीराक पिढीजात चालत येते. देशाच्या राजचिन्हाच्या मधोमध तेच आहे.

हे सगळे १९३० ते १९३३ या काळात मोडून काढले गेले. सोव्हिएत सरकारने भटक्यांना सक्तीने स्थिर केले, जनावरे जप्त करून सामुदायिक शेतीत घातली. चार कोटींच्या घरातली जनावरे जवळपास नऊ-दशांशाने घटली. दुधामांसावर जगणाऱ्या लोकांची जनावरे गेली म्हणजे अन्नच गेले. सुमारे १५ लाख माणसे भुकेने मेली, बहुसंख्य कझाक. लाखो सीमेपलीकडे पळाले. १९५९च्या जनगणनेत कझाक स्वतःच्याच भूमीत जेमतेम ३० टक्के उरले होते. आज ते सुमारे ७० टक्के आहेत. अल्माटीत आणि अस्तानात या दुष्काळाची स्मारके आहेत आणि ३१ मे हा स्मृतिदिन पाळला जातो. सहलीच्या पत्रकात हे नसते. मी मात्र ते आधी वाचून जा असेच सांगेन.

नंतरही 'रिकाम्या' जमिनीचा हव्यास थांबला नाही. १९५४ पासून ख्रुश्चेव्हच्या योजनेत कझाकिस्तानातली अडीच कोटी हेक्टरच्या आसपास जमीन गव्हासाठी नांगरली गेली. काही वर्षांतच तिथे धुळीची वादळे उठली. सेमिपालातिन्स्कजवळ २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिला सोव्हिएत अणुस्फोट झाला आणि पुढच्या चार दशकांत असे ४५६ स्फोट. त्याविरुद्ध १९८९ मध्ये लोकचळवळ उभी केली ती ओल्झास सुलेमेनोव्ह या कवीने, आणि २९ ऑगस्ट १९९१ला ते अणुचाचणी केंद्र बंद झाले. बायकोनूरचा अवकाशतळही याच माळावर. तिथून १९५७ मध्ये स्पुतनिक आणि १९६१ मध्ये गागारिन अवकाशात गेले, ३ एप्रिल १९८४ला आपले राकेश शर्माही तिथूनच उडाले आणि उतरले तेही कझाक गवतावर.

अस्ताना हे या सगळ्या इतिहासावरचे कझाकांचे उत्तर आहे. १८३०ची ही रशियन लष्करी चौकी. नावे बदलत गेली: आक्मोलिन्स्क, त्सेलिनोग्राद, आक्मोला, अस्ताना, २०१९ ते २०२२ नूर-सुलतान आणि आता पुन्हा अस्ताना. डिसेंबर १९९७ मध्ये राजधानी इथे हलली. आराखडा जपानी वास्तुकार किशो कुरोकावाचा. नॉर्मन फॉस्टरच्या कार्यालयाने शांतता आणि सलोख्याचा पिरॅमिड बांधला आणि २०१० मध्ये १५० मीटर उंचीचा 'खान शातीर' हा पारदर्शक तंबू, ज्याच्या पोटात बाजारपेठ आणि वाळूचा किनारा आहे. बाहेर तापमान उणे ३०, आत लोक पोहत असतात. बाइतेरेक मनोऱ्यावर ९७ मीटर उंचीवर, राजधानी हलली त्या वर्षाची आठवण म्हणून, गच्ची केली आहे. काहींना हे शहर भपकेबाज वाटते. मला ते धाडसी वाटते, आणि अपुरेही. तेलाचा पैसा सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले: गॅसच्या दरवाढीवरून निदर्शने पेटली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली.

अस्तानाच्या पश्चिमेला गाडीने पाऊण तासावर आक्मोल गावात अल्झीरचे संग्रहालय आहे. 'देशद्रोह्यांच्या' बायकांसाठी, म्हणजे स्टालिनने पकडलेल्या माणसांच्या पत्नींसाठी, १९३८ मध्ये उघडलेली छावणी. संग्रहालयात एक हकिगत सांगतात. कैदी बायका सरोवराकाठी बोरू कापत होत्या. आसपासच्या गावातली म्हातारी माणसे आणि मुले आली आणि त्यांच्यावर पांढरे खडे फेकू लागली. पहारेकरी हसले: बघा, गावकऱ्यांनाही तुम्ही नकोशा आहात. एक बाई ठेचकाळून त्या खड्यांवर पडली तेव्हा तिला दुधाचा वास आला. ते 'कुर्त' होते: आंबवलेल्या दुधाचा चक्का मीठ लावून, गोळे करून उन्हात कडक वाळवलेला. दुष्काळातून नुकत्याच सावरलेल्या लोकांनी आपल्या तोंडचा घास पहाऱ्याच्या डोळ्यांदेखत फेकला होता. कुर्त आजही प्रत्येक बाजारात मिळतो. खारट, आंबट, दाताने फुटत नाही. गालात धरून चघळायचा.

कझाकाच्या घरी गेलात तर जेवण मांस-दुधाचेच असते. उकडलेले मांस आणि रुंद शेवयांसारखे कणकेचे तुकडे म्हणजे बेशबारमाक. मेंढीचे शिजवलेले डोके मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. शाकाहाऱ्याने आधी नम्रपणे सांगावे, कोणी रागावत नाही. तळलेले बाउर्साक, नान, भोपळ्याच्या सारणाचे मांती यांवर निभाव लागतो. चहाची वाटी यजमान अर्धवटच भरतात. याचा अर्थ कंजुषी असा नव्हे; पुन्हा पुन्हा भरण्याचे निमित्त मिळावे आणि पाहुणा बसून राहावा म्हणून. काठोकाठ वाटी आली की निघायची वेळ झाली.

संधी मिळाली तर दोम्ब्रा समोर बसून ऐका. नासपतीच्या आकाराचे, लांब मानेचे, दोनच तारांचे हे वाद्य. त्यावरच्या शब्दांवाचूनच्या रचनेला 'कुय' म्हणतात आणि वादक बरेचदा आधी तिची गोष्ट सांगतो. सर्वांत प्रसिद्ध गोष्ट चंगीझखानाचा मुलगा जोची याची. शिकारीत लंगड्या रानगाढवाने त्याला मारले. वाईट बातमी आणणाऱ्याच्या घशात वितळलेले शिसे ओतेन, असे खानाने बजावले होते. तेव्हा एका वादकाने तोंडातून शब्द न काढता दोम्ब्रा छेडला; टापांचा आवाज, गोंधळ, किंकाळी. खान समजला. बातमी दोम्ब्राने दिली म्हणून शिसे त्याच्यावर ओतले गेले. तेव्हापासून दोम्ब्राच्या अंगावर भोक आहे, अशी दंतकथा. 'आयतीस'ही ऐकण्याजोगे: दोन कवी दोम्ब्रा घेऊन समोरासमोर बसतात आणि तिथल्या तिथे पद्य रचून एकमेकांना चीत करतात. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात रमणाऱ्याला भाषा न कळताही त्यातली चुरस कळेल.

आणि शेवटी पुन्हा माळ. मे २०१५ मध्ये, एका जिवाणूच्या साथीत, दोन लाखांहून अधिक सायगा हरणे काही आठवड्यांत मेली. धूळ गाळणारे, थंड हवा ऊबदार करणारे सोंडेसारखे नाक असलेले हे हरीण संपणार असे वाटत होते. संरक्षण, शिकारीवर धाक आणि मोठ्या राखीव कुरणांमुळे २०२३ पर्यंत त्याची संख्या १९ लाखांवर गेली आणि त्याच वर्षी ते 'अतिसंकटग्रस्त' यादीतून बाहेर आले. महाराष्ट्राने या बातमीकडे लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळरानांना सरकारी कागदांवर पडीक म्हटले गेले आणि माळढोक आपल्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर थव्यांनी उतरणाऱ्या भोरड्या कझाकिस्तानसारख्या मध्य आशियाई गवताळ मुलखांतच अंडी घालतात. दोन्ही माळ त्यांना लागतात.

जायचे तर दक्षिणेत रानट्यूलिपांसाठी एप्रिलची अखेर किंवा मे, उत्तरेत मेअखेर ते सप्टेंबर. अल्माटीकडून चारिनबरोबर काइंडी सरोवरही करावे. १९११च्या भूकंपात दरड कोसळून ते तयार झाले आणि बुडालेल्या स्प्रूस वृक्षांचे बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. वेळ असेल तर तुर्किस्तानला जाऊन तैमूरने बांधायला घेतलेली, अपुरी राहिलेली खोजा अहमद यसवीची कबर पाहावी. अस्तानाला मात्र एक जादा दिवस ठेवाच, कोर्गाल्झिन अभयारण्यासाठी. शहरापासून साधारण १३० किलोमीटर. तिथल्या तेंगिझ सरोवरावर रोहित पक्षी वीण घालायला येतात; इतक्या उत्तरेला ते क्वचितच वीण घालतात. दुर्बीण, वाऱ्याला अडवणारे जॅकेट आणि डासांचे मलम बरोबर घ्यावे, आणि अभयारण्याची परवानगी व वाटाड्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवावा.